विद्यार्थ्याच्या हाती एक्सपोजरचे बटण कधी द्यावे?

उजवा_मार्कर

सर्वांस नमस्कार.

मी अकरा वर्षे रेडिओग्राफर (क्ष-किरण तंत्रज्ञ) म्हणून काम करत आहे आणि या सत्रापासून दुसऱ्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वर्गातील अध्यापन इतरांकडे आहे. विद्यार्थी विभागात आले की मात्र ते माझ्या नजरेखाली असतात. स्वतः काम करणे आणि तेच काम दुसऱ्याकडून करवून घेणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या पंधरा दिवसांतच मला कळून चुकले.

विद्यार्थी लेखी परीक्षेत चांगले आहेत. अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश उरते, केव्ही (क्ष-किरण नळीवरील विद्युतदाब) वाढवले की भेदनक्षमता वाढते आणि प्रतिमेतील काळ्यापांढऱ्याचा फरक सौम्य होतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. तेच विद्यार्थी कन्सोलपुढे उभे राहिले की त्यांचे ज्ञान जणू दाराबाहेर राहते. गेल्या आठवड्यातील एक प्रसंग सांगतो. कोपराचा लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेली प्रतिमा, काढायचा होता. विद्यार्थ्याने पडद्यावर कोपराचे चित्र निवडले, यंत्राने ठरवलेले आकडे आपोआप आले, त्याने हात टेबलावर ठेवला, किरणांचे क्षेत्र दाखवणारी प्रकाशाची चौकट नीट आवळली आणि बटण दाबले. प्रतिमा दिसायला स्वच्छ होती. परंतु ह्यूमरसचे (दंडाच्या हाडाचे) दोन्ही एपिकोंडाइल, म्हणजे कोपराजवळचे उंचवटे, एकावर एक आलेले नव्हते. ते त्याच्या लक्षात आले, याचे मला समाधान वाटले. त्यानंतर त्याने काय करावे? त्याने रुग्णाचे मनगट थोडे फिरवले आणि पुन्हा बटणाकडे हात नेला. खरी चूक मनगटात नव्हतीच. खुर्ची उंच असल्यामुळे खांदा कोपराच्या पातळीच्या बराच वर राहिला होता, आणि खांदा खाली आल्याशिवाय मनगट कितीही फिरवले तरी लॅटरल मिळणार नव्हता. मी त्याला थांबवले आणि किती केव्ही वापरले, असे विचारले. तेव्हा उत्तर देण्यासाठी त्याला पडद्याकडे वळून पाहावे लागले.

यातून मला तीन प्रश्न पडले आहेत. पहिला, विद्यार्थ्याला स्वतः एक्सपोजर देण्याची, म्हणजे बटण दाबून किरणे सोडण्याची, मुभा केव्हा द्यावी? माझे एक सहकारी म्हणतात की पहिले तीन महिने केवळ निरीक्षण असावे. दुसरे म्हणतात की पहिल्याच आठवड्यात हातात द्यावे, नाहीतर भीती मनात घर करते. दुसरा, आकडे यंत्रच निवडत असेल तर ते निवडण्याची जाण विद्यार्थ्यात कशी आणावी? आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो: समोर रुग्ण असताना विद्यार्थ्याची चूक त्याला कशी सांगावी?

अंधारखोली

आपण कोपराचा प्रसंग तपशिलाने लिहिलात हे फार चांगले झाले, कारण तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. मी सत्तावीस वर्षे हे विद्यार्थी हाताळले, त्यांतील अर्धी वर्षे फिल्मच्या काळातली होती. जुने ते सोने असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. डेव्हलपरच्या वासाची मला मुळीच आठवण येत नाही. तरीही फिल्मचा एक गुण मान्य केला पाहिजे: ती चूक लपवत नसे. एमएएस (किरणांचे प्रमाण ठरवणारा आकडा) जास्त झाले तर फिल्म काळीकुट्ट निघे, कमी झाले तर फिकट पांढरी. विद्यार्थी ती ओली फिल्म दिव्यासमोर धरून उभा राहिला की शिक्षकाला तोंड उघडावे लागत नसे.

फिल्मच्या जागी किरणे टिपणारे डिटेक्टर आल्यापासून हा धडा नाहीसा झाला. प्रतिमेवर होणारी संगणकीय प्रक्रिया उजळपणा आपणहून जुळवून घेते, त्यामुळे गरजेपेक्षा दुप्पट किरणे दिली तरी प्रतिमा तितकीच देखणी दिसते, किंबहुना अधिकच देखणी, कारण तिच्यातील दाणेदारपणा कमी झालेला असतो. किरणे कमी पडली तर मात्र प्रतिमा दाणेदार होते आणि रेडिओलॉजिस्ट तक्रार करतात. याचा परिणाम काय होतो, ते पाहा. कमी दिल्याबद्दल बोलणी बसतात, जास्त दिल्याबद्दल कोणीच काही म्हणत नाही; मग हात हळूहळू जास्तीकडे सरकू लागतो. हे एका विद्यार्थ्याचे नव्हे, संपूर्ण विभागाचे होऊ शकते. म्हणून माझे सांगणे एवढेच की यंत्र जी चूक झाकते ती उघडी करून दाखवणे हे आता शिक्षकाचे काम झाले आहे. पूर्वी ते काम रसायने करत असत.

आता आपला दुसरा प्रश्न. कन्सोलवरचे ठरावीक आकडे झाकून ठेवता येत नसतील, तर ते पडद्यावर येण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून त्याचे स्वतःचे आकडे वदवून घ्यावेत: रुग्णाची जाडी किती, अवयव कोणता, ग्रिड (विखुरलेली किरणे अडवणारी जाळी) लागेल की नाही, केव्ही किती, एमएएस किती. त्यानंतर यंत्राचे आकडे पाहावेत आणि फरक असेल तर कोणाचे बरोबर, यावर अर्धा मिनिट बोलावे. सुरुवातीला विद्यार्थी हवेत बाण मारतात. महिन्याभरात त्यांचे अंदाज जवळ येऊ लागतात. यंत्राने सुचवलेला आकडा मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसासाठी असतो आणि समोरची व्यक्ती त्या मापाची असेलच असे नाही, हे त्यांना यातून आपोआप उमगते.

एक्सपोजर झाल्यानंतर एक्सपोजर इंडेक्सकडे (डिटेक्टरला मिळालेल्या किरणांच्या निर्देशांकाकडे) आणि त्याहूनही विचलन दाखवणाऱ्या आकड्याकडे लक्ष वेधावे. विचलन शून्य असेल तर डिटेक्टरला ठरवल्याइतकीच किरणे मिळाली. अधिक ३ म्हणजे साधारण दुप्पट, उणे ३ म्हणजे साधारण निम्मी. हा आकडा पाहण्यापूर्वी तो किती असेल याचा अंदाज विद्यार्थ्याने करावा, हीच यातील खरी कसोटी.

याखेरीज एक दुपार फँटमसाठी (अवयवाच्या कृत्रिम प्रतिकृतीसाठी) राखून ठेवावी. गुडघ्याचा किंवा श्रोणीचा फँटम घेऊन ७० केव्ही आणि १० एमएएस अशी एक प्रतिमा घ्या. दुसरी त्याच केव्हीवर २० एमएएसची, तिसरी ५ एमएएसची, आणि चौथी ८० केव्ही व ५ एमएएसची. केव्ही सुमारे १५ टक्क्यांनी वाढवले आणि एमएएस निम्मे केले तर डिटेक्टरला जवळजवळ तेवढीच किरणे पोहोचतात, हा पाठ केलेला नियम चौथ्या प्रतिमेत प्रत्यक्ष दिसतो. आकडे झाकून चारही प्रतिमा शेजारी शेजारी लावा आणि कोणती कोणत्या आकड्यांची, हे ओळखायला सांगा. माझ्या विद्यार्थ्यांची यात दरवर्षी भंबेरी उडत असे आणि तीच मला हवी असे. सरावासाठी विद्यार्थ्यांनी एकमेकांवर पोझिशनिंग (योग्य स्थितीत ठेवणे) अवश्य करावे, प्रकाशाची चौकटही लावून पाहावी. पण किरणे केवळ फँटमवर. वैद्यकीय कारणाशिवाय कोणत्याही माणसावर एक्सपोजर नाही, मग तो वर्गमित्र कितीही हौशी असो.

पहिल्या प्रश्नाला महिन्यांत उत्तर देऊ नये, असे माझे मत आहे. तीन महिने नुसते पाहत राहणारा विद्यार्थी भिंतीला टेकून उभे राहायला शिकतो, दुसरे काही नाही. छातीच्या तपासणीत तयार झालेला विद्यार्थी मानेच्या तपासणीत पूर्ण नवखा असू शकतो. म्हणून परवानगी कॅलेंडरवरून न देता तपासणीनुसार द्यावी. आधी पाहणे, मग पोझिशनिंग त्याने करावे आणि बटण आपण दाबावे, मग दोन्ही त्याने करावे पण आपण शेजारी असावे, आणि त्या तपासणीत त्याची रीतसर परीक्षा झाल्यावर आपण हाकेच्या अंतरावर असावे. एक नियम मात्र शेवटच्या दिवसापर्यंत ढिला करू नये: प्रतिमा पुन्हा घ्यावी लागली तर ती शिक्षक शेजारी असल्याशिवाय घ्यायची नाही. आपल्या विद्यार्थ्याने मनगट फिरवले, तो क्षण नेमका हाच होता. पहिली प्रतिमा बिघडणे क्षम्य आहे. ती का बिघडली हे न कळता घेतलेली दुसरी प्रतिमा रुग्णाला फुकट दिलेली किरणे आहेत. म्हणून पुन्हा बटणाकडे जाण्यापूर्वी त्याने एका वाक्यात सांगावे: काय चुकले, कशामुळे, आणि आता मी नेमके काय हलवणार आहे.

कारणासकट शिकवले की हात लवकर बसतो. छातीचा पीए, म्हणजे किरणे पाठीकडून छातीकडे जाणारी प्रतिमा, घ्या. छाती डिटेक्टरकडे का? हृदय पुढच्या बाजूला असते, ते डिटेक्टरजवळ आले की कमी मोठे दिसते. १८० सेंटिमीटर अंतर का? त्याच कारणाने. खांदे पुढे का ढकलायचे? पाठीच्या फऱ्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला जावीत म्हणून. पूर्ण श्वास का? श्वासपटलाच्या वर मागच्या दहा फासळ्या मोजता याव्यात म्हणून. दोन्ही हंसळ्यांची आतली टोके मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर रुग्ण वळलेला आहे. कोपर ९० अंशांत का वाकवायचे, हे आपल्या विद्यार्थ्याला विचारून पाहा. हाडामागची चरबीची पट्टी त्या स्थितीत एरवी दिसत नाही. ती दिसली तर सांध्यात रक्त किंवा द्रव साठल्याची, म्हणजेच न दिसणाऱ्या फ्रॅक्चरची शंका घ्यावी लागते. हात सरळ ठेवला तर ती निरोगी कोपरातही दिसू शकते आणि खूण निरुपयोगी होते. हे ज्याला कळले तो पुढच्या वेळी कोन डोळ्यांनी मोजतो.

तिसऱ्या प्रश्नावर माझ्यापेक्षा अलीकडे शिकून बाहेर पडलेल्यांनी बोलावे.

नवा_बॅज

मी दोन वर्षांपूर्वी शिक्षण पूर्ण केले, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करतो.

माझ्या प्रशिक्षणाच्या काळात एका ज्येष्ठांनी रुग्णासमोरच मला विचारले होते, "तुला कोणी इथे येऊ दिले?" त्या वाक्याने माझा अपमान झाला ही गोष्ट दुय्यम आहे. त्या क्षणापासून टेबलावरच्या आजींनी माझ्या सूचना ऐकणे थांबवले. मी श्वास रोखायला सांगितले की त्या आधी त्या ज्येष्ठांकडे पाहत आणि मगच श्वास रोखत. तपासणी बिघडली ती तिथे. याउलट दुसऱ्या शिक्षिकांनी आमच्याशी एक संकेत ठरवला होता. त्या शांतपणे म्हणत, "आपण एकदा प्रकाश पाहून घेऊ या." याचा अर्थ एवढाच की काहीतरी चुकले आहे, हात बटणापासून दूर घे आणि डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा बघ. रुग्णाला ते काळजीपूर्वक काम वाटे, आम्हाला चूक स्वतः शोधण्याची संधी मिळे. सापडली नाही तर त्या स्वतः पुढे होत. सविस्तर बोलणे दार लावून, प्रतिमा समोर ठेवून, त्याच दिवशी होई. आठवड्यानंतर सांगितलेली चूक कोणाची होती हेच आठवत नाही.

माझी स्वतःची एक चूकही सांगतो. जिथे मी शिकलो तिथे शिसाचे मार्कर वापरण्याची पद्धत सुटली होती. उजवे-डावे अक्षर प्रतिमा आल्यावर संगणकावर टाकले जाई. डाव्या हाताच्या तपासणीवर मी उजव्याचे अक्षर टाकले. रुग्ण बाहेर गेला होता, दुसरा आत आला होता, आणि हाताच्या प्रतिमेकडे नुसते पाहून तो कोणता हात हे सांगता येईलच असे नसते, कारण पंजा पालथा होता की उताणा हे त्या प्रतिमेबाहेरचे ज्ञान आहे. शिक्षिकांनी मागणीपत्राशी ताडून पाहिले म्हणून ती चूक पुढे गेली नाही. तेव्हापासून माझ्या खिशात माझ्या आद्याक्षरांचे शिसाचे दोन मार्कर असतात आणि ते एक्सपोजरपूर्वीच किरणांच्या चौकटीत ठेवले जातात. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातात बटण नाही दिले तरी चालेल, मार्कर मात्र द्यावेत.

लॉगबुकाबद्दलही थोडे. आम्हाला अमुक इतक्या छाती, अमुक इतके गुडघे, असा हिशेब पूर्ण करायचा असे. त्यामुळे जो तो स्वतःच्या पायांनी चालत येणारा, तरुण, सडपातळ रुग्ण शोधत असे. चाकाच्या खुर्चीवरील, धाप लागलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या रुग्णाची एक छाती ही सोप्या दहा छातींच्या तोडीची असते, पण वहीत दोघांनाही एकच ओळ. आपण वहीत एक रकाना वाढवावा, असे सुचवतो: या रुग्णात नेहमीपेक्षा वेगळे काय होते आणि मी त्यासाठी काय बदलले? हा रकाना सतत कोरा राहणारा विद्यार्थी काय करतो आहे, हे आपल्याला न विचारता कळेल.

आणि एक लहानशी गोष्ट, जी कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. एक्सपोजर झाल्यावर "श्वास सोडा" असे सांगायला नवखा विद्यार्थी हमखास विसरतो. तो प्रतिमा पाहण्यात रंगलेला असतो आणि काचेपलीकडे रुग्ण लालबुंद होऊन उभा असतो.

मिलिसिव्हर्ट

मी विभागात किरणोत्सर्ग सुरक्षेचे काम पाहतो. वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत; एका मुद्द्यावर मात्र पुस्ती जोडावीशी वाटते. अंधारखोली यांनी विचलनाच्या आकड्यावर भर दिला तो योग्यच आहे, परंतु तो आकडा डिटेक्टरवर काय पोहोचले ते सांगतो, रुग्णाला किती मात्रा मिळाली ते सांगत नाही. चौकट सैल असेल, कृत्रिम सांध्याचा धातू मध्ये आला असेल किंवा संगणकाने अवयवाची कडा चुकीची ओळखली असेल, तर तो आकडा फसवा निघतो. विद्यार्थ्याने शून्याचा पाठलाग करू नये. शून्य आले तरी चौकट गुडघ्याऐवजी अर्ध्या मांडीपर्यंत उघडी असेल तर काम चुकलेलेच आहे.

सुरक्षा शिकवताना आकडे आणि इतिहास दोन्ही हवेत, असा माझा अनुभव आहे. राँटगेन यांना हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी गवसले आणि त्यानंतर काही वर्षे लोकांनी ते खेळण्यासारखे वापरले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे आपला हात वारंवार किरणांत धरून उपकरणे तपासत. हात गमावूनही ते वाचले नाहीत, १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि एडिसन यांनी क्ष-किरणांवरील काम सोडून दिले. हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये क्ष-किरण व रेडियममुळे प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभारले गेले, त्यावर आरंभी १६९ नावे होती. ही कथा पहिल्या तासाला सांगितली की टीएलडी बॅज (अंगावर पडलेली मात्रा मोजणारा) टेबलाच्या खणात विसरणाऱ्यांची संख्या बरीच घटते.

आकड्यांपैकी पुढील आकडे विद्यार्थ्याच्या तोंडी असावेत. आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार या कामातील प्रौढ व्यक्तीसाठी मर्यादा वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचे एकक), पाच वर्षांच्या सरासरीने मोजलेली, आणि कोणत्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही. १६ ते १८ वर्षे वयाच्या प्रशिक्षणार्थीसाठी मर्यादा वर्षाला ६ मिलिसिव्हर्ट आहे. विद्यार्थी वयाने लहान असतील तर ही बाब शिक्षकाने विसरू नये. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाची मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत राखायची असते, म्हणून विद्यार्थिनींना ते कळवण्यास संकोच वाटणार नाही असे वातावरण हवे. तुलनेसाठी सांगायचे तर छातीच्या एका पीए तपासणीची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट असते, आणि निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. रुग्ण विचारतो, "हे किरण अंगात राहतात का?" त्याला "काही होत नाही हो" असे उडवून लावणारा विद्यार्थी अर्धाच शिकलेला आहे. बटण सोडताच किरणांची निर्मिती थांबते, शरीरात काही उरत नाही आणि मात्रा इतकी असते, हे त्याला दोन सोप्या वाक्यांत सांगता आले पाहिजे.

वॉर्डातील पोर्टेबल तपासणीत विद्यार्थ्याला कायम हा प्रयोग दाखवावा. रुग्णाच्या अंगावरून विखुरलेली किरणे एक मीटरवर, काटकोनातील दिशेने, मूळ किरणांच्या साधारण एक हजारांश असतात; दोन मीटरवर गेले की त्याचीही चौथाई. मोजणीचे उपकरण हातात देऊन त्याला स्वतः एकेक पाऊल मागे जाऊ द्या. लेड अ‍ॅप्रनवर व्याख्यान देण्यापेक्षा ही चार पावले जास्त शिकवतात. बाळाला किंवा अस्वस्थ रुग्णाला धरून ठेवण्यासाठी विद्यार्थ्याला कधीही उभे करू नये. तो हाताशी असतो म्हणून हे काम त्याच्याच वाट्याला येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शिकवलेले बदलू शकते, हेही त्यांना शिकवावे लागते. आम्हाला जननेंद्रियांवर शिसाचे आवरण ठेवणे हा धर्म म्हणून शिकवले गेले होते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये रुग्णांवर असे आवरण नेहमीसाठी ठेवण्याची प्रथा थांबवावी, अशी भूमिका घेतली. आवरण सरकून तपासायचा भाग झाकला जातो, तपासणी पुन्हा करावी लागते, आणि स्वयंचलित एक्सपोजर (संवेदक किरणे मोजून ती आपोआप थांबवतो) असेल तर ते शिसे संवेदकासमोर येऊन मात्रा उलट वाढते. शरीरात आतल्या आत विखुरणाऱ्या किरणांना ते अडवू शकत नाही, हे वेगळेच. जो विद्यार्थी केवळ कृती शिकला होता तो अशा वेळी गोंधळतो. कारण शिकलेला गोंधळत नाही. आपल्या विभागात जो नियम लागू असेल तो पाळावा, पण त्यामागचे तर्क दोन्ही बाजूंनी माहीत असावेत.

आणखी एक इशारा, जो क्ष-किरणांच्या सवयीतूनच उपजतो. आपण विद्यार्थ्याला महिनोन्महिने शिकवतो की बटण दाबलेले नसेल तर खोलीत धोका नाही. तोच विद्यार्थी एमआरआयच्या दारात उभा राहतो तेव्हा ही सवय जीवघेणी ठरते, कारण तिथले चुंबक तपासणी चालू असो वा नसो, चोवीस तास चालूच असते. रिकाम्या खोलीत ऑक्सिजनचे लोखंडी सिलिंडर घेऊन जाणारा माणूस बेफिकीर असतोच असे नाही. बरेचदा तो दुसऱ्या खोलीतला नियम इथे लावत असतो. बदलीच्या पहिल्याच दिवशी हे तोंडाने बोलून दाखवावे.

सकाळची_पाळी

सर्व मुद्दे पटतात, तरी एक विचारतो. बाहेर चाळीस रुग्णांची रांग असताना प्रत्येकामागे आकड्यांचा अंदाज, मग चर्चा, मग लॉगबुकाचा वाढीव रकाना, हे कोणत्या वेळात करायचे? आमच्याकडे विद्यार्थी आला की कामाला आणखी दोन हात मिळाले, असेच धरले जाते. यंत्र चालवायला शिकला म्हणजे झाले, उरलेले अनुभवाने येईल, असे वरिष्ठ म्हणतात.

अंधारखोली

आपले वरिष्ठ म्हणतात त्यातला पहिला भाग खरा आहे. यंत्र चालवणे खरोखरच लवकर शिकता येते. पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी सुमारे १५० स्त्रियांना क्ष-किरण यंत्रे चालवण्यास शिकवले होते आणि ते शिक्षण वर्षांचे नव्हे, आठवड्यांचे होते. आजची यंत्रे तर त्याहून कितीतरी सोपी आहेत. मग आपण विद्यार्थ्याला तीन-चार वर्षे ठेवून घेतो ते कशासाठी? समोरचा रुग्ण पुस्तकातल्या स्थितीत बसू शकत नसेल तेव्हा रुग्णाला न वाकवता ट्यूब आणि डिटेक्टर वाकवण्यासाठी. मागणीपत्रावर "मनगट" लिहिलेले असताना रुग्ण अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवत असेल, तर स्कॅफॉइडसाठी (मनगटातील अंगठ्याकडच्या छोट्या हाडासाठी) वेगळ्या प्रतिमा लागतील का, हे जाऊन विचारण्यासाठी. हे अनुभवाने येते हे मान्य, पण चुकीचा अनुभवही तितकाच पक्का बसतो.

वेळेचा प्रश्न खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. प्रत्येक रुग्णामागे हे करू नका. दिवसातून दोन रुग्ण निवडा, रांग विरळ असताना, आणि तेवढ्यांत सगळे करा. बाकी वेळी विद्यार्थ्याने काम करावे. त्याशिवाय आठवड्यातून अर्धा तास नाकारलेल्या प्रतिमांसाठी ठेवावा. संगणकात त्या साठलेल्या असतातच. कोणाची कोणती, हे नाव झाकून लावाव्यात आणि प्रत्येकीवर एकच प्रश्न विचारावा: ही खरोखर पुन्हा घ्यायला हवी होती का? अनेकदा असे आढळते की प्रतिमा सुंदर नव्हती, पण डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर तीत होते. सुंदर प्रतिमेच्या हट्टापायी पुन्हा एक्सपोजर देणे ही हुशार विद्यार्थ्यांची चूक आहे, कच्च्यांची नव्हे. त्या अर्ध्या तासात ज्येष्ठांच्या प्रतिमाही असाव्यात, माझ्या नेहमी असत. पुनरावृत्ती कमी झाली की रांगेतला वेळही वाचतो, हे वरिष्ठांना सांगून पाहावे. कदाचित ही भाषा त्यांना पटेल.

उजवा_मार्कर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे.

परवानगी तपासणीनुसार देण्याचे ठरवले आणि तसा तक्ता विभागाच्या भिंतीवर लावला आहे. पहिल्या आठवड्यात सर्वांना मार्कर दिले. "आपण एकदा प्रकाश पाहून घेऊ या" हे वाक्य जसेच्या तसे उचलले. त्याचा तोटा असा की आता विद्यार्थी ते एकमेकांना चहाच्या वेळीही ऐकवतात.

फँटमची दुपार झाली. चार प्रतिमांपैकी २० एमएएसची प्रतिमा सहांपैकी पाच जणांनी "सर्वांत योग्य" म्हणून निवडली. ५ एमएएसची प्रतिमा दाणेदार आहे हे एकीलाच दिसले, तेही तिने प्रतिमा मोठी करून हाडाची कड पाहिली तेव्हा. आकडे उघड केल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती अंधारखोली यांना अपेक्षित असावी. त्यानंतर मी आमच्या विभागातील मागच्या महिन्याच्या छातींचे विचलन काढून पाहिले. बहुतेक आकडे शून्याच्या वर होते आणि त्यांत माझ्या पाळीतलेही होते, म्हणून आता यंत्रात साठवलेले आकडे तपासण्यासाठी मी मिलिसिव्हर्ट यांच्यासारख्या आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावले आहे.

एक प्रयोग मात्र फसला. रुग्णासमोर आकडे मोठ्याने वदवून घेण्याची पद्धत पहिल्याच दिवशी बंद करावी लागली. विद्यार्थिनीने टेबलावरच्या आजोबांकडे पाहत गंभीरपणे "सत्तर" म्हटले आणि आजोबा उठून बसत म्हणाले, "चौऱ्याहत्तर आहे, कागदावर नीट लिहा." आता अंदाज कागदाच्या चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे देतात.